वाढ्याच्या भाऱ्यातलं पिल्लू

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

सगळ्यात आधी आली ती बनुबाई. डोक्यावर वाढ्याचा भारा, तोंडात मिश्री, आन् बांधावरूनच ओरडत, "चांगुणे, आगं वैजनाथच्या उसाला तोड आली, पन त्याची बायकू तोडकऱ्यांना घोटभर पानी बी इचारीना! आन् सोताच्या पायात पैंजन बघ, नव्या नवरीगत!" मी म्हणलं, "आधी भारा टाक, मान मोडंल." ती काय ऐकती. पैंजण कसे वाजत हुते, कुणी आणले, सासूनं कसं तोंड केलं, सगळं भाऱ्याखाली उभी राहूनच सांगितलं.

आदिनाथ आन् रेश्मा श्रीगोंद्याला गेलेत. रेश्माच्या भावाचं लग्न हाय, म्हणजे लेक-सून आठवडाभर येत न्हाईत. म्हणून शेजारची बनुबाई माझ्या सोबतीला निजायला येती. येताना गाईला वाढं आणती. ऊस तोडला की वरचे हिरवे शेंडे राहतात, त्याला वाढं म्हणतात. मनवाला हे माहीत न्हाई म्हणून लिहून ठेवते. मनवा माझी नात, पुण्याला शिकती. ही डायरी तिनंच दिली, म्हणली आजी रोज चार ओळी लिहीत जा, हात वळता राहील. माझी शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर बनुबाईपेक्षा बरं हाय. बनुबाईला लिहिताच येत न्हाई.

तर भारा गोठ्यात टाकला, सुंभ सोडला, आन् वाढं आपोआप हाललं. बनुबाई किंचाळली, "साप! चांगुणे, साप!" मी काठी उचलून दोन सणसणीत ठेवून दिल्या. आतनं फिस्स झालं. मंग पानं बाजूला करून एक बारीक, लई रागावलेलं तोंड वर आलं.

मांजराचं पिल्लू!

माझा जीवच हरखला. किती दिवसांनी ह्या घरात लेकरू आलं. मी पदरात उचललं तर माझ्या अंगठ्यात दात रुतवले, हाडापर्यंत. रक्ताची धार लागली पण मी सोडलं न्हाई. मातकट रंग, अंगावर काळे ठिपके, डोळे निळसर. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यानं निम्मं दिसतंय, तरी एवढं दिसलं.

बनुबाई म्हणली, "ठिपके कशानं गं? आन् पंजा बघ, भाकरीएवढा."

मी म्हणलं, "रानबोक्याचं असंल. मोठ्या घरचं हाय."

"चांगुणे, मला तर ह्याचं लक्षन धड दिसत न्हाई."

"तुला तुझ्या सुनेचं बी दिसलं न्हवतं. आता तीच भाकरी घालती."

ठकीला विसरलेच. ठकी म्हणजे आमची जुनी मांजर. कांद्याच्या चाळीत तिच्यामुळं एक उंदीर टिकत न्हाई. गेल्या उन्हाळ्यात तिनं नागाला फणा काढू दिला न्हाई, मान धरून आपटून आपटून मारला. ती चुलीपाशी झोपली हुती. पिल्लाचा वास गेला तशी उठली. आधी अंग फुगलं. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशागत झालं. मंग पोटातनं असा आवाज काढला की गाय दावं ओढायला लागली. आन् झेप टाकली, सरळ माझ्या पदरावर. पिल्लू खाली, ठकी वर. बनुबाई मधी पडली तर तिचा हात मनगटापासनं कोपरापर्यंत फाटला. मी ठकीच्या पाठीत काठी घातली तेव्हा सुटली. पिल्लाच्या पाठीवर चार वळ उठले, रक्त भरलेले.

बनुबाईच्या हाताला हळद भरली. पिल्लू कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं, वर पाटा ठेवला.

आदिनाथनं बजावलंय, वस्तीवर आता एकच मांजर. तो यायच्या आत दोघींचं जमवून टाकायचं. एकदा जमलं की तो काय फेकून देणार हाय का.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

मनवाला फोन केला. ती म्हणली, "आजी, फोटो पाठव ना!" माझा बटणाचा फोन, त्यातनं काय पाठवू, माझं डोकं? मंग तिनं मोबाईलमधी बघून रीत सांगितली. दोघींना वेगळ्या खोलीत ठेवायचं. एकीच्या अंगाचं फडकं दुसरीला हुंगायला द्यायचं. दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या ठेवायच्या, म्हणजे खाताना वासाची सवय होती. "घाई करू नकोस हं आजी, कधी कधी महिना लागतो."

महिना! आमच्याकडं पोरगी बघायला येतात, चहा पितात आन् तारीख धरूनच उठतात.

तरी फडकं दिलं. ठकीनं हुंगलं, आन् त्या फडक्याच्या चिंध्या केल्या. चिंध्यांवर मुतली. मंग भिंतीला पाठ लावून बसली, दाराकडं बघत. मासळीचं डोकं ठेवलं, त्याला बी तोंड लावलं न्हाई.

पिल्लू ताटलीतनं दूध पीत न्हाई. कापसाची जाड वात करून दुधात बुडवली, तोंडात धरली, तेव्हा चोखलं. चोखताना पंजे उघडझाप करत हुतं, आमचा आदिनाथ करायचा तसं. मी लई हसले. आमच्यात नवं जनावर आलं की चुलीभोवती फिरवून कपाळाला राख लावतात, मंग ते घर सोडत न्हाई. तेबी केलं. राख लावताना माझ्या गालावर पंजा मारला. गाल सुजलाय. नाव ठेवलं सोनं.

दिवेलागणीला उसाकडनं करवत चालल्यागत आवाज येत हुता. घर्र घर्र, थांबून थांबून. ह्या वेळेला कोण लाकूड कापतंय? वैजनाथला सांगितलं पाहिजे, बायकोचे पैंजण झाले, आता पलंग करतोय काय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मोत्या गेला.

सकाळी उठले तर गोठ्यापाशी साखळी तेवढी पडलेली, तिला पट्टा तसाच. पट्ट्यात रक्त. अंगणातनं उसापर्यंत फरफटत नेल्याची रेघ, मधी मधी केस. मोत्या भुंकला बी न्हाई, एवढ्या झटक्यात नेला. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा असायचा. आज तुकडा हातात घेऊन मी उगाच उभी राहिले.

वैजनाथ आला, वाकून माती बघितली. "काकू, वाघ हाय. ह्यो पाय बघा." आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. गेल्या साली कॅनॉलपल्याड दोन शेरडं नेली हुती. तोड लागली की ऊस कमी हुतो आन् त्यांना लपायला जागा राहत न्हाई. वैजनाथ म्हणला, "अंधार पडायच्या आत दारं लावत जा. आन् दारापुढं दिवा ठेवा."

मी घाबरले ते सोन्यासाठी. एवढंसं लेकरू, वाघाच्या दाढेत भरणार बी न्हाई. डालग्यातनं काढून आतल्या खोलीत नेलं, खिडकीला आतनं फळी ठोकली. बनुबाईला म्हणलं, "माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्याला वाघाच्या हाती लागू द्यायचं न्हाई."

बनुबाई म्हणली, "वाघाला पिल्लं व्हतात का गं चांगुणे, ह्या दिवसांत?"

"मला काय ठाऊक, मी काय वाघाची सुईण हाय?"

ती हसली न्हाई. तिचा हात ठणकत असावा.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज भेट घातली. मनवा म्हणली हुती दार बोटभर उघडायचं. मी सगळंच उघडलं. बोटभर दारातनं कुणाची सोयरीक जुळली?

ठकी उंबऱ्यावर आली. मला वाटलं सोनं आता फिसकारंल. पण आज ते फिसकारलं न्हाई. जमिनीला पोट चिकटवलं, कान मागं घेतले, मागचा भाग हळूहळू हलवला. मला एवढं कौतुक वाटलं, म्हणलं बघ कसं नमस्कार करतंय मोठ्या बाईला.

मंग ते उडालं.

ठकीची मान त्याच्या तोंडात. ठकी ओरडली ते माणसागत ओरडली. दोघी गोल फिरल्या, उतरंड पाडली, ज्वारीच्या पिठात लोळल्या, पीठ लाल झालं. ठकीनं मागच्या पायानं त्याचं पोट ओरबाडलं, पण ते सोडीना. आवाज न करता धरून ठेवलेलं. मी पाणी ओतलं, उलथन्यानं हाणलं, शेवटी दोन्ही हातानं जबडा फाकवला. माझ्या हाताचं कातडं लोंबायला लागलं. ठकी सुटली तेव्हा तिचा डावा कान अर्धा सोन्याच्या तोंडात राहिला हुता. आन् त्यानं तो गिळला.

ठकी भिंतीवरनं चढून आढ्यावर गेली. तिथनं रक्त टपकतंय, थेंब थेंब, खालच्या गोधडीवर. बोलावलं, दूध दाखवलं, येत न्हाई.

बनुबाई पुन्हा म्हणली, "हे सोड चांगुणे. उसात नेऊन सोड, जितनं आलं तितं."

मी म्हणलं, "चूक ठकीची हाय. म्हातारी झाली तरी ताठा जात न्हाई. पहिल्याच दिवशी लेकराच्या अंगावर गेली, मंग लेकरू काय करणार?" खरं सांगते, मनातनं मला सोन्याचं कौतुकच वाटत हुतं. दूध पिणारं पोर, आन् नागाला मारणाऱ्या ठकीला पाणी पाजलं. हे मोठं झालं की चाळीत उंदीर काय, घूस सुद्धा राहायची न्हाई.

हाताला हळद आन् तूप. सोन्याला कुशीत घेऊन झोपते. अंगाला रानाचा वास येतो त्याच्या. झोपेत ते एक आवाज काढतं, मांजरीसारखा न्हाई, जरा खरखरीत.

शनिवार, ७ फेब्रुवारी

शेरडी मेली. चंद्री. पंधरा दिवसांत विणार हुती.

गोठ्याचं कूड फोडून आत घुसला. गळा फाडला आन् तिथंच टाकून गेला. एक घास खाल्ला न्हाई. वैजनाथ म्हणला, "काकू, वाघ असं करत न्हाई. मारलं की नेतो न्हाईतर खातो. ह्याला कसला तरी राग हाय." चार माणसं बोलावून चंद्रीला पुरली. पोटातली दोन करडं बाहेरनं हाताला लागत हुती. मी हात ठेवला आन् मंग काढून घेतला.

सोन्याच्या खोलीच्या मागच्या दाराला बाहेरनं ओरखडे हायत. नुसते ओरखडे न्हाईत, ढलप्या निघाल्यात. रेश्मानं दिवाळीला हे दार रंगवलं हुतं, आता येऊन माझं डोकं खाईल.

संध्याकाळी ती करवत पुन्हा चालू झाली, आता अगदी गोठ्यामागं. सोनं दाराशी जाऊन उभं राहिलं आन् ओरडायला लागलं, बारीक, लांब. मी म्हणलं भ्यालं बिचारं. गोधडीत गुंडाळलं, छातीशी धरलं. त्यानं माझी हनुवटी फोडली. तरी सोडलं न्हाई.

आदिनाथचा फोन आला. सगळं ठीक हाय म्हणलं. लग्नात कशाला लेकराच्या जिवाला घोर.

रविवार, ८ फेब्रुवारी

हाताला फडकं बांधलंय. तरी लिहिते.

बनुबाई दिवेलागणीला आली. मी म्हणलं हुतं नको येऊ, तर म्हणली, "तुला एकटीला ठेवून मला काय झोप येनार?" येताना गाईला भारा घेऊन आली. ह्या बाईला दुसरं काही सुचत न्हाई. अंगणात आली आन् मला हाक मारायला तोंड उघडलं. हाक आली न्हाई.

मी दारातनं बघितलं ते एवढंच, की एक पिवळं काहीतरी उडालं आन् बनुबाई भाऱ्यासकट पालथी पडली. भारा मानेवर आला म्हणून मान वाचली. त्यानं भाऱ्यात तोंड घातलं, झटके दिले, वाढं चौफेर उडालं. मंग पाठ धरली. लुगडं फाटल्याचा आवाज येतो ना, तसा आवाज आला, पण तो लुगड्याचा न्हवता. बनुबाई मातीत नखं रोवून माझ्याकडं सरपटत हुती आन् ते तिला मागं ओढत हुतं.

मी चुलीतलं जळतं लाकूड घेतलं. कुठनं बळ आलं ठाऊक न्हाई. धावत गेले आन् त्याच्या तोंडावर घातलं. केस जळाल्याचा वास आला. ते फिरलं. माझ्या डोळ्यापुढं नुसतं पिवळं धुकं आन् त्यात दोन दिवे. मला वाटलं आता संपलं.

पण माझ्या अंगावर आलं न्हाई. माझ्या बाजूनं, हातभर अंतरावरनं, सरळ दाराकडं गेलं. आत सोनं ओरडत हुतं. माझ्या तोंडातनं शिवी गेली, कुठली ते लिहीत न्हाई. मी लाकूड फेकून मारलं, पाठीत बसलं. तेवढ्यात वैजनाथनं ट्रॅक्टर अंगणात घातला, लाईट लावून, हॉर्न दाबून. ते कुडावरनं गेलं.

बनुबाईच्या पाठीचं मांस उघडं पडलं हुतं. ट्रॅक्टरमधी घातली, राहुरीला नेली, तिथनं नगरला. मी हात धरला तर म्हणली, "भारा भिजवू नको गं, गाय खाईल." शुद्धीत न्हवती.

मला एक कळत न्हाई. तिच्याशी त्याचं एवढं काय वाकडं? आन् हाती आलेली शिकार सोडून घरात का जायला निघालं? माझ्या लेकराच्या वासावर हुतं, दुसरं काय. फळीवर आणखी एक फळी ठोकलीये. सोनं आत आपटतंय. आढ्यावर ठकी, आत सोनं, मधी मी. कुणी जेवलं न्हाई.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आदिनाथ आन् रेश्मा पहाटेच आले. मागनं फॉरेस्टची गाडी. गार्ड सुनील म्हणून हाय, नेवाशाकडचा, लई गोड बोलतो. बरोबर जनावरांच्या डॉक्टर मॅडम. मॅडमनं गोठा बघितला, मागचं दार बघितलं, ढलप्यांवरनं बोट फिरवलं. मंग म्हणल्या, "आजी, या खोलीत काय आहे?"

मी म्हणलं, "माझं मांजर हाय."

आतनं सोनं ओरडलं. सुनील मॅडमकडं बघायला लागला. आदिनाथचा रंग उडाला.

"उघडता का जरा?"

"वाघ आत शिरंल."

"दिवसा नाही येणार. उघडा."

उघडलं. सोनं कोपऱ्यात हुतं, गोधडीच्या चिंध्या केलेल्या. मॅडम खाली बसल्या, जाड हातमोजे घातले, मानेला धरून अलगद उचललं. 

सुनील म्हणला, "आजी, हे मांजर न्हाई."

"मंग काय कुत्रं हाय?"

"बिबट्याचं पिल्लू हाय, आजी. बछडा. ती रोज येत हुती ना, ती ह्याची आई."

आदिनाथ भिंतीला टेकला. "आई, तू हे कुशीत घेऊन झोपलीस?"

"त्याला थंडी वाजत हुती."

रेश्मा एवढी हसली की रडायलाच लागली. मी मात्र तिथंच बसले. मोत्या, चंद्री, बनुबाई, ते दार. करवत. सगळं एकामागं एक डोळ्यापुढनं गेलं. ती बया रोज एकच गोष्ट सांगत हुती आन् मी रोज फळी ठोकत हुते.

पण खोटं कशाला लिहू, दुसऱ्या क्षणाला मला आनंद बी झाला. वाघ! मी वाघाला वातीनं दूध पाजलं! कपाळाला राख लावली! सगळ्या तालुक्यात दुसरी कोण बाई हाय अशी? मॅडमला म्हणलं तर त्या बी हसल्या. म्हणल्या, "आजी, तुमचं नशीब थोर की ती तुमच्या अंगावर आली नाही." मंग माझ्या हाताला टाके घातले, कुत्रा चावल्यावर देतात ती सुई दिली, गप्पा मारत मारत.

सोन्याचं वजन केलं, पोटावरच्या जखमा धुतल्या. ठकीनं केलेल्या. मॅडम म्हणल्या, "तुमची मांजर भारी आहे हो. तिला पहिल्याच दिवशी कळलं."

ठकीला पहिल्याच दिवशी कळलं. काठी मी तिच्या पाठीत घातली.

दुपारनंतर सोन्याला प्लॅस्टिकच्या क्रेटात घातलं, टमाट्याच्या क्रेटात, आन् वैजनाथच्या उसात नेऊन ठेवलं, बनुबाईनं वाढं उचललं तिथंच. ऊन उतरलं की आई येती आन् तोंडात धरून नेती म्हणाले. आली न्हाई तर? "तर उद्या परत ठेवू." मी म्हणलं मला एकदा हात लावू द्या. मॅडम न्हाई म्हणल्या. सुनीलनं मॅडमची पाठ वळल्यावर क्रेट माझ्यापुढं धरला. मी बोट घातलं. चावलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आली! काल दिवे लागायच्या आतच आली. आमी सगळे दारं लावून घरात, सुनील आन् मॅडम गाडीत, काचा वर करून. सुनीलनं क्रेटापाशी कॅमेरा बांधला हुता. आज सकाळी त्यानं मोबाईल माझ्या डाव्या डोळ्याला चिकटवून दाखवला. ती आधी लांब बसली. मंग क्रेटाभोवती फिरली. क्रेट पंजानं उलटा केला. सोन्याला हुंगलं, लई वेळ हुंगलं. मला धाकधूक, माझा वास येत असंल, चुलीचा, हळदीचा, आता टाकून जाती का काय. गुरगुरली बी. मंग चाटायला लागली. एवढी चाटली की सोनं कोलमडलं. मानेला धरलं आन् गेली. तिच्या तोंडावर एका बाजूला केस जळालेले, ते माझं काम.

मी तीनदा लावायला लावलं. सुनील म्हणला, "आजी, बॅटरी संपंल."

ठकी आज आढ्यावरनं उतरली. अर्ध्या कानाची. माझ्याकडं बघितलं न्हाई, पण दूध प्याली.

आता वाईट ते सांगते. गाव तापलंय. सकाळी ओट्यावर पन्नास माणसं. बाईमाणसावर हल्ला झाला, वाघीण धरलीच पाहिजे म्हणतात. आदिनाथ बी त्यांच्यात. मी म्हणलं, "आरं, पण तिला धरली तर त्याला दूध कोण पाजंल? मी?" आदिनाथ म्हणला, "आई, तू गप बस. बनुबाईची पाठ बघितलीस ना?" बघितली. माझ्याइतकी कुणी बघितली न्हाई.

दुपारी बनुबाईचा फोन आला, तिच्या सुनेनं लावून दिला. पालथी झोपलीये, आवाज उशीतनं यावा तसा. मी सगळं सांगितलं. तशी म्हणली, "म्हंजी माझ्याच भाऱ्यातनं आलं."

"व्हय."

"तरी म्हनलं हुतं, लक्षन धड न्हाई."

"म्हणली हुतीस."

"चांगुणे, त्या गार्डाला सांग. धरू नका म्हनावं तिला. माझं पोर कुनी भाऱ्यात बांधून नेलं असतं तर म्या बी गाव फाडला असता." मंग खोकली, कळ आली असंल. "पन भारा आनायला आता तूच जायचं. मी न्हाई."

सुनीलला सांगितलं. मॅडमला बी सांगितलं. मॅडम म्हणल्या, त्यांना कळतंय, पण गाव ऐकत न्हाई आन् वरून हुकूम आलाय. वैजनाथच्या बांधाला पिंजरा लागणार. "तोपर्यंत ती पिल्लाला घेऊन दुसरीकडे गेली तर गेली, आजी. पिलं घेऊन जागा बदलतात त्या. मग पिंजऱ्यात कोण येणार?" असं बोलून त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मंग चहा न घेताच गाडीत बसल्या. सुनीलनं काचेतनं हात केला.

ऊन उतरायच्या आत मी काठी घेऊन वैजनाथच्या बांधावर गेले. रेश्मा मागनं ओरडत हुती, आई, वेड लागलंय का, आई, माघारी या. ऊस निम्मा तुटलाय, निम्मा उभा. वारं न्हवतं तरी आतली पानं एका ठिकाणी हालत हुती. मी लांबच उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, आन् मोठ्यानं सांगितलं, "आगं ए बाई, ऐक. लेकरू मिळालं ना तुझं? मंग आता इथनं हल. कॅनॉलपल्याड जा, कुठं बी जा, पण हल. ते पिंजरा घेऊन येणार हायेत."

पानं हालायची थांबली. मी तिथनं हालले न्हाई. मंग आणखी मोठ्यानं, तिला नीट कळावं म्हणून, दिवस सांगितला. गुरुवारी येतो म्हणालेत.